बिनकार्डाचा फोन

इक्बालनं फोनचं मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि खालच्या रिकाम्या जागेवर नखानं टकटक केलं.

"बगा अण्णा. कार्ड कुटं हाय ह्यात?"

"कार्ड न्हाई हे मला ठावं हाय," मी म्हणालो. "बारा वर्षांमागं तूच गळ्यात मारलाईस."

"मी कशाला मारतोय? तुमचा धाकटा तुमाला घिऊन आलता. असलाच पायजे म्हणून दुकानात अडून बसला हुता."

विट्याच्या स्टँडसमोर मुल्लांचं हे दुकान. इक्बालचा बाप इथं घड्याळं दुरुस्त करायचा, इक्बाल मोबाइल विकतो. एसटीत कंडक्टर होतो तेव्हापासून माझी इथं बैठक. रिटायर झाल्यावर मात्र सहा-सहा महिने मी विट्याला येत नव्हतो. त्या बुधवारी आलो होतो ते फोनला काहीतरी झालंय असं वाटून. दोन दिवस त्यावर सारखे इंग्रजी मेसेज येत होते.

"हे काय लिहिलंय तेवढं सांग."

इक्बालनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. एक मेसेज वाचला, दुसरा वाचला, आणि मग चार-पाच झरझर वाचून त्यानं फोन काउंटरवर ठेवला.

"दोन महिने झालं सांगत्यात की वो अण्णा. कंपनी ही बिनकार्डाची यंत्रणाच बंद करतीया. येत्या शनवारी. त्येच्यानंतर ह्यो फोन पोरास्नी खेळाय द्यायचा."

"बंद म्हंजे?"

"म्हंजे बंद. रेंजच न्हाई यायची."

"मग दुसऱ्या कंपनीची रेंज घाल ह्यात."

इक्बाल हसला. वाईट नाही हसला, पण हसला. आता हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या काळी मोबाइलमध्ये दोन पंथ होते. एक कार्डवाल्यांचा. एका फोनातलं कार्ड काढून दुसऱ्यात घातलं की नंबर तोच, फोन नवा. दुसरा आमचा, बिनकार्डवाल्यांचा. आमचा नंबर कंपनीनं फोनाच्या पोटातच भरलेला. फोन त्या कंपनीचा आणि त्या कंपनीशिवाय कुणाचाच नाही. सोडचिठ्ठी द्यायची सोयच नव्हती. त्या बदल्यात एकाच कंपनीच्या दोन फोनांत बोलणं जवळजवळ फुकट. म्हणून संपतनं, माझ्या धाकट्या भावानं, तिकडं कोईमतूरला एक घेतला आणि दिवाळीला आला तेव्हा तसाच, त्याच रंगाचा, माझ्यासाठी इक्बालकडून घेतला. "मधे दुसरी कंपनी नको अण्णा," असं तो म्हणाला होता.

"नंबर ऱ्हावू शकतो," इक्बाल सांगत होता. "मेसेज टाकायचा, कोड येतो, त्यो घिऊन दुसऱ्या कंपनीत जायाचं. पर त्याला आठवडा लागतो. तुमी बुधवारी उगवलाय. आन् तुमी नेला तरी तिकडं संपतरावांनी बी न्यायाला पायजे. न्हाईतर त्यांचा गेला, तुमचा ऱ्हायला, काय उपेग?"

"त्याचा काय संबंध?"

"ह्या फोनात दुसरा नंबर हाय का कुणाचा?" इक्बालनं फोन माझ्यापुढं धरला. "एकच हाय. म्या आत्ता बगितला."

मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि बॅटरी घालू लागलो. ती उलटी बसत होती. इक्बालनं ती सुलटी करून दिली आणि आवाज उतरवून म्हणाला, "अण्णा, त्यांचा दुसरा नंबर हाय माझ्याकडं. लिहून देतो. आन् तुमाला एक सांगायचं हुतं. त्यास्नी गेल्या श्रावणात..."

"त्येचा विषय काढू नगंस."

"ऐका तर."

"इक्बाल," मी हात वर केला, "मला सव्वापाचची गाडी हाय."

सव्वापाचला गाडी नव्हती. ती सहाला होती. एक तास मी स्टँडवर बाकड्यावर बसून काढला.

आमच्या खानापूर तालुक्यात तरणी माणसं गावात राहत नाहीत. गलाईच्या धंद्यात जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. हिंदुस्थानातलं कुठलंही बाजाराचं गाव घ्या, सराफकट्ट्यामागच्या बोळात आमच्याकडचा एखादा भट्टीपुढं बसलेला सापडेल. संपत सतरा वर्षांचा असताना गेला. आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःचं दुकान. मी एसटीत चिकटलो म्हणून मागं राहिलो. वडील लवकर गेले. आई, मी, माझी बायको सगुणा, असे तिघं घरात. सगुणा गेली. मूलबाळ नाही. मग आई आणि मी.

रिंगेची पद्धत आईच्या वेळची. रोज बोलायचं काय? म्हणून सकाळी सातला संपतनं एक रिंग द्यायची आणि कापायची. त्याचा अर्थ, मी खुशाल. मग आमच्याकडून एक रिंग, आम्ही खुशाल. आई चुलीपुढून ओरडायची, "आला संपत्या!" जसा काही तो दारातच आलाय. पैसा खर्च नाही, आणि जीव थंड.

आई वैशाखात गेली. पहाटे चारला. सहाला मी संपतला फोन लावला. त्यानंतर काय झालं ते मी गावाला सांगितलं ते असं: आई गेली एवढं मी त्याला कळवलं, पुढं तो काहीतरी बोलत होता, पण रेंज गेली आणि फोन तुटला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. परत लावला तर लागेना. उन्हाचे दिवस होते. भावकीतली जाणती माणसं म्हणाली, प्रेत ठेवता यायचं नाही, सूर्य मावळायच्या आत उरकलं पाहिजे. पाच वाजता अग्नी दिला. रात्री दहाला संपत भाड्याच्या गाडीनं आला तेव्हा ओढ्याकडेला नुसती धग होती.

सगळ्या लोकांपुढं त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, फोन तुटला. कंपनी भिकार आहे.

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आजपास्नं तुज्याशी बोलणार न्हाई. तुजं तोंड बगणार न्हाई."

"नगंस बोलू," मी म्हणालो. त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही.

गावानं सगळा दोष फोनाला दिला. पुढं वर्षभर आमच्या गावात बिनकार्डाचा फोन कुणी घेतला नाही. "निकमाचं बगितलं न्हवं का? आईच्या मातीला भाऊ पोचला न्हाई," असं म्हणून लोक कार्डवाला घ्यायचे. कंपनीचे टॉवर उभे करणाऱ्या माणसांनी आमच्या गावावर काय पाप केलं होतं, देव जाणे.

तेराव्याला तो थांबला नाही. तो परत गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

मी बघतच राहिलो. मग मीही एक रिंग दिली.

तशी नऊ वर्षं. अबोला म्हणजे न बोलणं. रिंग दिली, उचलली नाही, तर ते बोलणं होत नाही. दोघांपैकी कुणी हरत नाही. पण एक गोष्ट सांगून टाकतो. नऊ वर्षांत एकदाही मी आधी रिंग दिली नाही. त्याची आल्यावर द्यायची, असाच माझा हिशेब. मी थोरला ना.

त्यामुळं माझा दिवस सातला सुरू व्हायचा. साडेसहाला चहा ठेवायचा, फोन चार्जिंगवरून काढून ओट्यावर ठेवायचा. रिंग आली की उलट रिंग द्यायची आणि मग चहा गाळायचा. पुढं दिवसभर त्या घरात कुणी माझ्यासाठी काही वेळेवर करत नव्हतं. शेजारची पोरं हाका मारायची, सणाला कुणी पोळी आणून द्यायचं, पण माझी वाट बघून काही करायचं असं फक्त ते एक होतं. ती रिंग एवढी छोटी असायची की झोपेतल्या माणसाला जाग येऊ नये. मला पुरायची.

फक्त एकदा खंड पडला. गेल्या श्रावणात नऊ दिवस रिंग आलीच नाही. ते नऊ दिवस मी काय केलं हे कुणाला सांगितलेलं नाही. घराचं दार दिवसा लावून बसत होतो, कुणी आलं तर रडका चेहरा दिसू नये म्हणून. तरी मी फोन लावला नाही. दहाव्या दिवशी रिंग आली. देवाला गेला असेल कुठं, तिरुपतीला वगैरे, अशी मी मनाची समजूत घातली. त्यानंतर मात्र रिंग जरा लांबायला लागली. पूर्वी खटकन कापायचा, आता दीड-दोन रिंगा व्हायच्या, मग थांबायची. वय झालं, हात जड झाला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. त्याला सेहेचाळिसावं लागलं होतं. त्या वयात कुणाचा हात जड होतो?

त्याच श्रावणानंतर कोईमतूरहून आलेल्या दोघातिघांनी माझ्यापुढं त्याचं नाव काढलं. हात वर केला की गाडी थांबते, तसं मी हात वर करून त्यांना थांबवलं. गावात कुणी परत विषय काढला नाही.

बुधवारी रात्री घरी आलो आणि शनिवार डोक्यात बसला. नंबर मागितला तर इक्बाल देईल. पत्ता गावात दहा जणांकडं मिळेल. पण मागायला लागेल. मागितलं की नऊ वर्षांचं काय झालं? आजवर आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून होतो आणि कुणी कुणाकडं तो मागितलेला नव्हता. ही एक रिंग बंद झाली की पुढं जे काही असेल ते एकानं वाकून करायला पाहिजे. तो वाकणार नाही हे मला माहीत होतं. आणि त्याचं बरोबर होतं, हेही.

गुरुवारी सातला रिंग आली. मी ठरवलं होतं, उचलायचीच. अंगठा हिरव्या बटणावर ठेवून साडेसहापासून बसलो होतो. वाजली, आणि अंगठा लाकडासारखा झाला. थांबली. मी उलट रिंग दिली. चहा उकळून कडू झाला होता, तसाच प्यायलो.

शुक्रवारी तेच.

शुक्रवारी संध्याकाळी मी जुनी ट्रंक उघडली. आत माझी खाकी टोपी, तिकिटांचा डबा, आणि संपतचा एक फोटो होता. दहा वर्षांचा, माझ्या गाडीत माझ्याच सीटवर बसलेला. मी नवा कंडक्टर झालो तेव्हा सुट्टीत तो दिवसदिवसभर माझ्याबरोबर गाडीवर यायचा. घंटीची दोरी ओढायला मिळावी म्हणून. मी त्याला शिकवलं होतं, एकदा ओढली की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. एकदा भिवघाटात त्यानं उगाच गंमत म्हणून एक ओढली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि अर्धी गाडी एकमेकांच्या अंगावर. वरपर्यंत तक्रार गेली. साहेबांनी विचारल्यावर मी सांगितलं, दोरी माझ्या हातानं ओढली गेली, पोराची चूक नाही. मला चार दिवस घरी बसवलं. संपत रात्रभर माझ्या पोटाला मिठी मारून झोपला होता.

त्याच्यासाठी मी सहज खोटं बोलायचो. मला त्यात काही वाटायचं नाही.

शनिवारी सात वाजले. रिंग आली नाही.

सव्वासात झाले. मी फोन उचलून बघितला. रेंजच्या चार काड्या उभ्या होत्या. म्हणजे अजून कंपनी मेली नव्हती. साडेसात. आठ. चहाचं पातेलं करपलं, ते खाली उतरवलं. मनात नाही नाही ते यायला लागलं. श्रावणातले नऊ दिवस आठवले. तेव्हा दहावा दिवस होता. आता दहावा दिवस नव्हता.

साडेआठला मी हिरवं बटण दाबलं.

दुसरा नंबरच नव्हता, त्यामुळं शोधायला काही लागलं नाही. एक रिंग झाली. सवयीनं अंगठा लाल बटणावर गेला. मी तो उचलला आणि हात गुडघ्याखाली दाबून बसलो. दोन रिंगा. तीन. चार. पाचव्या रिंगेला फोन उचलला गेला.

कुणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, जड, भट्टीच्या भात्यासारखा.

"संपत?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "संपत, मी अण्णा."

श्वास थांबला. मग काहीतरी खरखरलं आणि बाईचा आवाज आला.

"भावजी?"

शालन. संपतची बायको. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील, पण ती माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. मी आलो की पदर पुढं ओढून आत जायची.

"शालन, त्येला फोन दे."

"त्येंच्यापाशीच हाय, भावजी. त्येंनीच उचलला. पर त्यास्नी बोलता येत न्हाई. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई."

"श्रावणात वारं गेलं अंगावनं. उजवा हात, उजवा पाय आन् वाचा. नऊ दिस दवाखान्यात हुते. आल्या-गेल्यासंगं किती निरोप धाडलं मी. इक्बालभाईस्नी सोता फोन केला."

मी सांगू शकलो नाही की निरोप घेऊन आलेल्या प्रत्येकाला मीच हात दाखवून थांबवलं होतं.

"मग सकाळची रिंग?" मी विचारलं. "ती कोण देत हुतं?"

"तेच की. डाव्या अंगठ्यानं. घरी आणल्या आणल्या खुणंनं फोन मागितला. पोरीनं नवा दिला, काचंचा. त्येवर बोट ठरंना, तर फेकून दिला. ह्येची बटणं कडक हायती, दाबलेली कळत्यात. सकाळी सात वाजायच्या आधीच हात काढून बसत्यात. म्या म्हणलं, मी दाबते, तर दाबू देत न्हाईत."

"आणि आज?"

मागं कुठंतरी तमिळ बोलणं चाललं होतं, कुणीतरी भांडी घासत होतं.

"आज बंद हुनार म्हणून पोरीनं सांगितलं त्यास्नी. तर सातला फोन उशीखाली घातला आन् वर डोस्कं ठिवून पडून ऱ्हायले. म्या म्हणलं, द्या की, शेवटचीच हाय. मान हलवली. आन् बोट केलं. असं लांब, दाराकडं." तिचा आवाज फुटला. "मला कळंना. आत्ता तुमचा फोन आल्यावर कळलं, भावजी. आज तुमची पाळी म्हणत हुते."

मी ओट्यावरून उठलो आणि उगाचच दारापर्यंत जाऊन परत आलो.

"त्येच्या कानाला लाव."

"लावलाय."

श्वास परत ऐकू यायला लागला. आता जवळ होता. नऊ वर्षं मी त्याला काय काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं. बरंचसं त्याच्याच चुकांबद्दल होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"संपत," मी म्हणालो, "फोन तुटला न्हवता."

श्वास चालू होता.

"तू म्हणालास, गाडी करतो, रात्री दहापर्यंत पोचतो, मी येस्तवर थांब. मला सगळं ऐकू आलं. मी हो म्हणालो. तूबी ऐकलंस ते, मला ठावं हाय. थांबतो, म्हणालो. मग दुपारी माणसं जमली, म्हणाली, थोरला तू हायस, ठरीव. ऊन लागत हुतं. आईचं तोंड... मला बगवंना, संपत. मला ते लौकर संपायला पायजे हुतं. म्हणून न्हाई थांबलो. आन् तू सगळ्यांच्या देखत इचारलंस तवा मी कंपनीवर ढकललं. भिवघाटात तुज्यासाठी खोटं बोललो, त्येची उलटी वसुली केली बग."

पलीकडून एक आवाज आला. शब्द नव्हता. घशात काहीतरी अडकून सुटावं तसा.

"गावात बी सांगीन," मी म्हणालो. "चारचौघात सांगीन. ऐकलंस का? संपत?"

फोन कट झाला.

मी फोन कानाला लावूनच उभा राहिलो. मग खाली घेऊन बघितला. कंपनी गेली असेल असं वाटलं, पण काड्या होत्या. तीन होत्या. म्हणजे त्यानं कापला होता. मी ओट्याला टेकलो. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. ऐकून घेतलं आणि ठेवून दिला, तेवढा त्याचा हक्क होता.

फोन वाजला. एकदा. थांबला.

नेहमीची रिंग. नऊ वर्षांची. ती ऐकून मला पहिल्यांदा कळलं की सकाळी सातला तो मला खुशाली कळवत असेल, पण त्याच्याबरोबर तो माझ्याच गाडीची दोरीही ओढत असेल. रोज, एकदाच. आयुष्य कंडक्टरकीत गेलं आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

उलट रिंग द्यायला मी अंगठा बटणावर नेला. तेवढ्यात फोन परत वाजला. एकदा. थांबला.

दुसरी.

मी तसाच उभा होतो. मग भानावर येऊन हिरवं बटण दाबलं, तर कानात काहीच आलं नाही. ना रिंग, ना ती इंग्रजी बोलणारी बाई. काड्या गेल्या होत्या. नऊला पाच कमी होते. पुढं कितीतरी दिवस इक्बाल मला सांगत होता, "अण्णा, लुळा माणूस हाय, अंगठा चुकून दोनदा पडला आसंल." असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

साडेदहाच्या गाडीनं विट्याला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखत मी इक्बालला म्हणालो, "संपतचा पत्ता लिहून दे."

इक्बालनं माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर पत्ता लिहिला. पान फाडून देताना म्हणाला, "नवा फोन देऊ का? कार्डवाला?"

"आल्यावर बगू."

गावात चारचौघात सांगायचं होतं ते परत आल्यावर सांगितलंच. मारुतीच्या पारावर, भावकीतल्या त्याच जाणत्यांपुढं. पण त्या दिवशी मी थेट मिरजेला गेलो आणि मिळाली त्या गाडीत बसलो. एक दिवस आणि दोन रात्री. आयुष्यभर लोकांना तिकिटं फाडून दिली, त्यात मी पहिल्यांदा कुणाकडंतरी एवढ्या लांब चाललो होतो.

कोईमतूरात सराफकट्ट्यामागचा बोळ सापडायला वेळ लागला नाही. गलाईच्या ॲसिडचा वास नाकात गेला आणि पत्ता न वाचताच मी बरोबर जिन्यापाशी उभा राहिलो. दार शालननं उघडलं. तिनं पदर पुढं ओढला, पण आत गेली नाही. पाया पडली आणि बाजूला झाली.

खोली लहान होती. खिडकीजवळ खाट, खाटेवर संपत. भिंतीकडं तोंड करून आडवा. माझा धाकटा भाऊ पांढरा झाला होता. डाव्या हातात तो मेलेला फोन होता.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बोलणार नाही, आणि तोंड बघणार नाही. पहिलीचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसरी अजून त्याच्या हातात होती.

"संपत," मी म्हणालो.

त्याचा खांदा हलला. शालन पुढं झाली त्याला कूस बदलून द्यायला. त्यानं फोन उशीवर टाकला आणि डाव्या हातानं तिला मागं सारलं. मग तोच हात खाटेच्या कडेला लावून तो स्वतःच वळायला लागला. उजवी बाजू येत नव्हती, ती ओढून आणावी लागत होती. थोडा वळला की धाप लागायची, की थांबायचा, की परत जोर करायचा.

खूप वेळ लागला. मी थांबलो.